हट्टी म्हणायचं की करारी?
कादंबऱ्यांतल्या नायिका आणि आपण

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीनं मला सांगितलं, "काकू, तुमची नोकरी ग्रंथालयात झाली, तेव्हा पुस्तकांवरच बोला. विषय तुम्ही ठरवा, फक्त वेळेत आटपा, नंतर जेवण आहे." जेवणाआधी बोलणाऱ्यानं फार ताणू नये एवढं व्यवहारज्ञान मला आहे. त्यामुळे एकच विषय घेते. ऐतिहासिक आणि अद्भुत कादंबऱ्यांतल्या हट्टी नायिका.

हा विषय का घेतला ते सांगते. आपल्या इमारतीत वाचणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष आज्या आणि काकवांचा. त्यांची कपाटं 'स्वामी', 'ययाति', 'मृत्युंजय', 'राऊ' यांनी भरलेली. दुसरा पक्ष नातींचा. त्यांच्याकडे जाडजूड इंग्रजी पुस्तकं, मुखपृष्ठावर ड्रॅगन नाहीतर मुकुट. आजी म्हणते, "काय ते भुताखेतांचं वाचतेस!" नात म्हणते, "आणि तुझं काय गं, सारखं पेशवे नि पेशवे!" दोघींना वाटतं आपण अगदी वेगळं काहीतरी वाचतोय. मला मात्र वाटतं की दोघी एकच गोष्ट वाचताहेत. एक बाई आहे, तिला काहीतरी हवं आहे, आणि आजूबाजूचं जग तिला म्हणतं, "तुला हवं-नकोचं कुणी विचारलंय?"

आता हीच गोष्ट आजच्या, आपल्यासारख्या घरात घडवली, तर वाचणारा लगेच बाजू घेतो. कुणी सुनेची घेतं, कुणी सासूची. प्रत्येकाला आपलंच घर दिसायला लागतं आणि वाचन बाजूला राहतं. तीच गोष्ट शनिवारवाड्यात नेली किंवा समुद्रापलीकडच्या एखाद्या काल्पनिक बेटावर नेली, की आपण जरा मोकळ्या मनानं वाचतो. आपल्या मराठीत ही दोन्ही दारं फार लवकर उघडली. 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी 1868 सालची आणि 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी 1871 सालची. म्हणजे आजीचा पक्ष आणि नातीचा पक्ष मराठीत जवळजवळ एकाच वेळी जन्माला आला! मग भांडण कशाला?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या भाषेत एक गंमत आहे. पुरुष ठाम असला की तो करारी, बाणेदार, निश्चयाचा महामेरू. बाई ठाम असली की ती हट्टी, आढ्यताखोर, नाहीतर घरबुडवी. गुण एकच, पण शब्द दोन. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना हे फार जाणवतं.

पेशवाईचंच बघा. रघुनाथरावांनी 1758 साली उत्तरेत मुसंडी मारली, मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. तिला आपण 'राघोभरारी' म्हणतो. पेशवेपदावर त्यांचा डोळा होता, त्यासाठी ते सख्ख्या पुतण्याशी लढले, तरी त्या इच्छेला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो. आणि आनंदीबाई? त्यांचं नाव काढलं की सगळ्यांच्या तोंडी एकच, 'ध चा मा'. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. पण लोकांच्या आठवणीत कायमचं काय राहिलं, तर एका बाईनं एक अक्षर बदललं ही आख्यायिका. नाटकांनी, कादंबऱ्यांनी, सिनेमांनी ती इतकी घोटली, की आता कुणी शंकासुद्धा घेत नाही. आनंदीबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. नवऱ्याच्या इच्छेला भरारी आणि बायकोच्या इच्छेला कारस्थान असे दोन वेगळे शब्द का, एवढंच मी विचारते आहे.

आता त्याच वाड्यातली दुसरी बाई, रमाबाई. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 साली आली, तिला 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ग्रंथालयात होते तेव्हा या पुस्तकाच्या प्रतींची पानं सुटून येत, इतकी ती फिरत. आणि परत करणाऱ्या बायकांचे डोळे हमखास लाल. 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले, वय अवघं 27, आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. थेऊरला त्यांचं वृंदावन आहे. आपल्यातले बरेच जण चिंतामणीच्या दर्शनाला जातात तेव्हा तिथंही हात जोडतात. मीही जोडते. पण हात जोडताना एक विचार येतो. ज्या बाईसाठी पुढे फक्त दोनच वाटा ठेवल्या होत्या, एक चितेची आणि दुसरी केशवपन करून अंधाऱ्या खोलीत बसायची, तिनं पहिली वाट निवडली. याला तिची इच्छा किती म्हणायची आणि त्या काळाची किती?

हा प्रश्न विचारायला मला धीर येतो तो त्याच शतकातल्या दुसऱ्या एका बाईमुळे. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव आडवे आले. "तू गेलीस तर माझं कोण?" अशा अर्थाची विनवणी त्यांनी केली आणि अहिल्याबाई थांबल्या. पुढे मल्हाररावांनी त्यांच्या हाती कारभार सोपवला, त्यांना हिशेब, पत्रव्यवहार, फौजफाटा सगळ्यात तयार केलं. 1766 ला सासरे गेले, 1767 ला मुलगा मालेराव गेला. मग त्या बाईंनी 1795 पर्यंत, म्हणजे 28 वर्षं राज्य चालवलं. महेश्वरचे घाट, तिथला विणकरांचा धंदा, काशी विश्वेश्वराचं देऊळ, देशभरातल्या धर्मशाळा, हे सगळं त्या 'थांबण्या'तून उभं राहिलं. विजया जहागीरदारांची 'कर्मयोगिनी' वाचली नसेल तर जरूर वाचा.

मंडळी, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रमाबाई कमी निश्चयाच्या आणि अहिल्याबाई जास्त निश्चयाच्या, असा हा फरक नाही. फरक असा, की एकीच्या घरात एका माणसानं तिसरं दार उघडून धरलं. म्हणून मी कादंबरी वाचताना नायिकेबद्दल तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारून बघा. एक, तिला स्वतःला काय हवं होतं? दोन, त्याची तिनं काय किंमत मोजली? आणि तीन, तिच्या बाजूनं कोण उभं राहिलं?

तलवार हातात आहे का, हा प्रश्न माझ्या यादीत नाही. हल्ली बऱ्याच पुस्तकांत लेखक नायिकेच्या हातात तलवार देतो, तोंडात दोन खटकेबाज वाक्यं घालतो आणि म्हणतो, झाली बघा खंबीर नायिका! पण तिला काय हवंय हे तीनशे पानं वाचूनही कळत नाही. तलवारीनं माणूस शूर दिसेल, पण इच्छाशक्ती ही निर्णयात असते.

नातींच्या पक्षासाठी एक उदाहरण देते. टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 साली आली. त्यात एओविन नावाची राजाची भाची आहे. राजा लढाईला निघतो आणि तिला सांगतो, तू मागे राहा, प्रजेला सांभाळ. काम मानाचंच आहे. पण तिला ते मान्य नाही. ती पुरुषाचा वेष करून, नाव बदलून फौजेत घुसते. ज्याला कुठलाही पुरुष मारू शकणार नाही असं भाकीत होतं, त्या भयंकर शत्रूला ती मारते. सिनेमा बघणाऱ्यांना तेवढाच प्रसंग आठवतो, टाळ्या पडतात तो. पण पुस्तक नीट वाचलं तर तिची खरी लढाई वेगळी दिसते. तिला मरणाची भीती नाही. म्हातारपणापर्यंत पिंजऱ्यात राहून, शेवटी तो पिंजराच अंगवळणी पडेल याची भीती आहे. ही भीती आपल्यातल्या किती जणींना ओळखीची वाटेल! त्यासाठी राजाची भाची असायची गरज नाही.

आता आज्यांच्या पक्षाकडे परत. खांडेकरांची 'ययाति' 1959 ची, पुढे 1974 चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं ते मराठीतलं पहिलंच. ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघं आलटून पालटून सांगतात. वाचक बहुधा शर्मिष्ठेच्या बाजूचे. देवयानी म्हटलं की "ती गर्विष्ठ ना?" असंच ऐकू येतं. मला तसं एका शब्दात निकालात काढणं पटत नाही. कचानं नाकारल्याचं दुःख गिळून, स्वतःच्या तोंडानं राजाशी लग्नाची गोष्ट बोलणारी ती मुलगी आहे. तिचा राग चुकीच्या माणसावर निघतो, त्याचं समर्थन नाही. पण तिला काहीतरी हवं होतं आणि ते तिनं उघड सांगितलं. शर्मिष्ठाही कमी निश्चयाची नाही. आपल्या राज्यावर संकट नको म्हणून राजकन्या स्वतःच्या पायांनी चालत दासी व्हायला जाते. म्हणजे दोन्ही हट्टच! एकीचा हट्ट स्वतःसाठी, दुसरीचा दुसऱ्यांसाठी. आपण दुसऱ्यांसाठी केलेल्या हट्टाला त्याग म्हणतो आणि स्वतःसाठी केलेल्याला अहंकार. हा हिशेब मुलाच्या बाबतीत आपण कधी लावतो का? मुलगा म्हणाला "मला हेच करिअर करायचंय" तर आपण चारचौघांत कौतुकानं सांगतो.

ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' तुमच्यातल्या काहींनी वाचली असेल. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई हा तिचा विषय. पानिपतावर भाऊ पडले, हे सगळ्यांनी मान्य केलं. पार्वतीबाईंनी केलं नाही. त्यांनी वैधव्याची चिन्हं घ्यायला नकार दिला. ना तलवार, ना सिंहासन, ना दरबारातलं भाषण. फक्त एक 'नाही'. पण त्या काळात, त्या वाड्यात, चारी बाजूंनी नजरा रोखलेल्या असताना हा 'नाही' रोज सकाळी उठून नव्यानं म्हणायचा. मला तर वाटतं, लढाईतला एक दिवस त्याहून सोपा असेल.

आणि किंमत? ती बघायची असेल तर कादंबरी बाजूला ठेवून इतिहासच वाचावा. ताराबाईंचं चरित्र घ्या. 1700 साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या जेमतेम 25 वर्षांच्या. औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ देऊन बसलेला. त्या बाईंनी लहान मुलाला गादीवर बसवून सात वर्षं लढा चालवला, तो 1707 ला बादशहा मरेपर्यंत. मुघलांच्या बाजूच्या खाफीखानानंही त्यांच्या कर्तृत्वाची दखल घेतली आहे. इथपर्यंत आपण त्यांना रणरागिणी म्हणतो, पुतळे उभारतो. पण पुढे शाहू महाराज सुटून आले, ताराबाईंनी गादी सोडायला नकार दिला, आणि त्याच बाईंबद्दल पुस्तकांचा सूर बदलतो. आता त्या सत्तेच्या लोभी! 1714 ला घरातूनच उठाव झाला, त्या पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. तरी बाई संपल्या नाहीत. 1750 साली, वयाच्या पंच्याहत्तरीत, साताऱ्याच्या किल्ल्यावर त्यांनी रामराजांनाच अटकेत ठेवलं आणि पेशव्यांना घाम फोडला. त्यांचे सगळे निर्णय बरोबर होते असं कुणी म्हणणार नाही. पण माणूस तोच, स्वभाव तोच. शत्रू परका होता तोवर तो स्वभाव पराक्रम ठरला आणि प्रश्न घरातल्या वाटणीचा आला तेव्हा तो हट्ट ठरला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता शेवटची दोन पुस्तकं सांगते, एक बंगाली आणि एक अमेरिकन.

आशापूर्णा देवींची 'प्रथम प्रतिश्रुती' 1964 ची. काळ एकोणिसाव्या शतकातला, खेड्यातलं घर. सत्यवती नावाची मुलगी. तिला प्रश्न पडतात आणि ती ते विचारते, हाच तिचा गुन्हा. तिचे वडील रामकाली हे वैद्य, मोठ्या दराऱ्याचे. पण मुलीच्या प्रश्नांना ते चूप करत नाहीत, उत्तर द्यायचा प्रयत्न करतात. मघाशी म्हटलं ना, तिसरं दार! सत्यवती लिहा-वाचायला शिकते, पुढे नवऱ्या-मुलांना घेऊन कलकत्त्याला बिऱ्हाड थाटते. तिची एकच जिद्द असते, मुलगी सुवर्ण हिचं बालवयात लग्न करायचं नाही, तिला शिकवायचं. आणि तिच्या पाठीमागे, तिला न सांगता, घरचे त्या लहानग्या मुलीचं लग्न लावून टाकतात. सत्यवती भांडत नाही, रडत नाही. ती घर सोडून निघून जाते, काशीची वाट धरते. पुस्तक मिटल्यावर वाटतं, हरलीच की ही! पण ही तीन कादंबऱ्यांची मालिका आहे. पुढे 'सुवर्णलता', मग 'बकुलकथा'. आणि सत्यवतीची ही सगळी गोष्ट आपल्याला मिळते ती तिच्या नातीच्या, बकुळच्या वहीतून. आजीला जे मिळालं नाही त्यातून नातीच्या हातात लेखणी आली. आशापूर्णा देवींना 1976 चं ज्ञानपीठ मिळालं. त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

दुसरं पुस्तक उर्सुला ले ग्विनचं. 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', 1971 सालचं. त्यातली तेनार ही लहान मुलगी. तिला आईवडिलांपासून तोडून एका प्राचीन देवस्थानाची मुख्य पुजारीण करतात. तिचं नावसुद्धा काढून घेतात. मान मोठा, सगळे वाकून वागतात, पण आयुष्य जमिनीखालच्या अंधाऱ्या भुयारात. एक जादूगार तिथे चोरी करायला येतो, तिच्या तावडीत सापडतो. त्याला मारायचं की सोडायचं हे तिच्या हातात. तो तिला तिचं खरं नाव परत देतो, आणि ती ठरवते की आपण दोघांनीही इथून बाहेर पडायचं. पुढची भीती तिला कमी नाही. मोकळं होणं हेही ओझं असतं, हे त्या पुस्तकात फार छान आलं आहे.

आणि याच्यापुढची गंमत ऐका. 1990 साली ले ग्विननं तेनारवर आणखी एक कादंबरी लिहिली, 'तेहानू'. आता तेनार मध्यमवयीन आहे. तिनं जादू शिकायची संधी बाजूला ठेवून एका शेतकऱ्याशी लग्न केलं, मुलं वाढवली. आता ती विधवा आहे आणि तिनं एका होरपळलेल्या, कुणालाच नकोशा झालेल्या मुलीला घरात आणलं आहे. अद्भुत कादंबरीची नायिका आणि ती शेत सांभाळते, भांडी घासते! ज्या शेतात तिनं आयुष्य काढलं, ते तिथल्या कायद्यानं मुलाचं आहे. मुलगा समुद्रावरून परततो, मालक म्हणून घरात वावरतो आणि स्वतःचं ताटही उचलत नाही. (हसू नका, पुरुष मंडळी, ड्रॅगनच्या देशातही तीच तक्रार आहे!) पण ड्रॅगन येतो तेव्हा तो ज्या घरासाठी येतो, ते हेच घर. ज्या मुलीला सगळ्यांनी टाकलं, तिच्यातच सर्वांत मोठी शक्ती निघते. आणि ती मुलगी जगली कारण एका मध्यमवयीन बाईनं "हिला मी सोडणार नाही" एवढंच ठरवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, काकू, पेशवे झाले, ड्रॅगन झाले, आपल्या सोसायटीचं काय? तर आपल्या सोसायटीकडेच येते.

आपण इथे राहायला आलो, तेव्हा फ्लॅट आपले झाले पण जमीन आपल्या नावावर झाली नाही. बिल्डर बरीच वर्षं टोलवत राहिला. मग मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे ज्याला आपण डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो त्याची, सोय कायद्यात झाली. बिल्डर सही देत नसला तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. वाचायला सोपं आहे. पण त्यासाठी तेव्हा कराराच्या प्रती हव्या होत्या, इंडेक्स टू हवा होता, नकाशे हवे होते, ठराव हवे होते. ते काम कुणी केलं, आठवतंय? सी विंगमधल्या एका काकूंनी. त्या कधी कमिटीवर नव्हत्या. भागपत्रावर त्यांचं नाव दुसरं. नवरा गेल्यावर त्या कागदपत्रं बघायला लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की हे सगळ्यांचंच अडलेलं आहे.

दीड वर्ष त्या निळी फाइल घेऊन घरोघर फिरल्या. आपल्याकडे त्यांचं नावच पडलं होतं, 'फाइलवाल्या काकू'. रविवारी सकाळी बेल वाजली की घराघरांत कुजबुज व्हायची, "आल्या वाटतं, दार उघडू नका, पोहे खाऊन होऊ द्या." सर्वसाधारण सभेत त्या उभ्या राहिल्या की मागून आवाज यायचा, "चला, आता तास गेला." त्यांना भांडकुदळ म्हटलं गेलं, कटकटी म्हटलं गेलं, हट्टी तर उठताबसता. आणि एके दिवशी जमीन सोसायटीच्या नावावर झाली. त्या दिवशी पेढे वाटले गेले, फोटो निघाले. त्या फोटोत त्या नाहीत. त्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढत होत्या.

माझे तीन प्रश्न लावून बघा. त्यांना काय हवं होतं? आपल्या पायाखालची जमीन आपल्या नावावर. किंमत काय मोजली? दीड वर्षाची उन्हं आणि शेजारपाजारच्यांचा कंटाळा. बाजूनं कोण उभं राहिलं? चार घरं आणि एक वॉचमन. तो त्यांची फाइल गेटवर सांभाळून ठेवायचा आणि कोण कधी घरी असतं ते सांगायचा.

काकू आता मुलाकडे राहायला गेल्या आहेत. त्यांनी हे सगळं सांगायला मला परवानगी दिली, फक्त नाव घेऊ नको म्हणाल्या. यंदा स्मरणिका निघते आहे. तिच्यात आजवरच्या सर्व अध्यक्षांचे आणि सचिवांचे फोटो येतील, यायलाच हवेत. माझी कमिटीला विनंती एवढीच, की अभिहस्तांतरणाचा उल्लेख करताना 'सोसायटीच्या अथक प्रयत्नांनी' असं मोघम लिहू नका. 'सी विंगमधील एका सभासद भगिनींच्या प्रयत्नांनी' असं लिहा. इतिहासात बायकांची नावं अशाच मोघम वाक्यांत हरवतात. मग दोनशे वर्षांनी कुणीतरी कादंबरीकार येतो आणि त्याला त्या कल्पनेनं भरून काढाव्या लागतात.

कादंबरीच्या बाबतीत शेवटी एक सावधगिरीचं सांगते, विशेषतः मुलांना. ऐतिहासिक कादंबरी हा पुरावा नव्हे. तिच्यातली माणसं खरी असली तरी त्यांचं बोलणं लेखकाचं असतं. 'स्वामी' वाचून रडा, जरूर रडा, पण नंतर माधवरावांचं एखादं चरित्रही वाचा. आणि अद्भुत कादंबरी ही नुसती करमणूक समजू नका. तिच्यात लेखक स्वतः नियम बनवतो, म्हणून त्याच्या मनात बाईची जागा कुठे आहे हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. जादूच्या दुनियेतसुद्धा निर्णय पुरुषच घेत असतील, तर तो नियम कुणी केला हे विचारा.

एक सूचना करते आणि थांबते. क्लब हाऊसमध्ये कॅरमबोर्डाशेजारी एक कपाट रिकामं आहे. त्यात वरच्या फळीवर आज्यांनी आपली पुस्तकं ठेवावीत, खालच्या फळीवर नातींनी. महिन्यातून एकदा दोघींनी फळ्या बदलून वाचायचं. आजीनं तेनार वाचायची, नातीनं पार्वतीबाई. इंग्रजीची अडचण असेल तर नातीनं वाचून दाखवायचं, मोडीची अडचण... नाही, 'शिकस्त' देवनागरीतच आहे, घाबरू नका! कपाटासाठी माझ्याकडची चाळीसेक पुस्तकं मी उद्याच आणून देते. नोंदवही ठेवायचं कामही माझं, सवयीचं आहे.

आणि घरात एखादी मुलगी पाय रोवून "मला हे हवंय" किंवा "मला हे नको" म्हणाली, तर "किती हट्टी आहेस गं" हे तोंडावर आलेलं वाक्य क्षणभर थांबवा. आधी विचारा, "का हवंय?" तिचं सगळं ऐकलंच पाहिजे असं नाही, पण विचारा तरी. रामकालींनी तेवढंच केलं होतं. मल्हाररावांनी त्याहून थोडं जास्त केलं, आणि त्यातून 28 वर्षांचं राज्य उभं राहिलं.

 मसालेभाताचा वास इथवर येतो आहे, तेव्हा आता माझा हट्ट पुरे. सोसायटीच्या पुढच्या 25 वर्षांना शुभेच्छा.